‘नाही जमणार’चं इंग्रजी

शुक्रवार, संध्याकाळचे सहा. बॉस म्हणतो, ‘सोमवारी सकाळी हवंय.’ आपण पुटपुटतो, ‘सर, डिफिकल्ट आहे.’ त्याला ऐकू येतं, ‘होईल.’ गेला वीकेण्ड!

फ्रीलान्सिंग करता करता मी एक शिकलेय, नकाराचा शब्द नेमका हवा. इंग्रजीत त्याची अख्खी रेंज आहे.

‘इम्पॉसिबल’ म्हणजे मुळातच अशक्य. जपून वापरा. ‘इम्प्रॅक्टिकल’ म्हणजे करता येईल, पण त्यात शहाणपण नाही. जुलैच्या मुंबईत पांढरे कॅनव्हास शूज! ‘इम्प्रॅक्टिकेबल’ म्हणजे प्रत्यक्षात आणताच न येणारं. सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये सायकल चढवून दाखवा! ‘इन्फीजिबल’ की ‘अनफीजिबल’? दोन्ही बरोबर. वेळ, पैसा, माणसं यांचं गणित बसत नसेल, तर हा शब्द. आणि भाबड्या, स्वप्नाळू बेतांसाठी ‘क्विक्झॉटिक’. हा आला पवनचक्क्यांवर चाल करून जाणाऱ्या, १६०५च्या स्पॅनिश कादंबरीतल्या डॉन किहोतेवरून.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही हं. १८७२च्या भारतीय करार कायद्यातल्या कलम ५६ मध्ये ‘इम्पॉसिबल’ आहे. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की तिथे अक्षरशः अशक्य एवढाच अर्थ नाही. कराराचा हेतू पाहता जे ‘इम्प्रॅक्टिकेबल’ ठरतं, तेही त्यात येतं.

तेव्हा ‘डिफिकल्ट’ला रजा द्या. ‘सर, दोघांत, दोन दिवसांत फीजिबल नाही. बुधवारी देतो,’ असं म्हणून बघा. कारण आणि तारीख दोन्ही दिलं, की नकारही प्रोफेशनल वाटतो.