खेळाची शिष्यवृत्ती: किती, कधी आणि कोणाच्या हातात

मराठी माणूस पानिपतला गेला की काला अंबला जातोच. १७६१ चे रणस्मारक तिथे आहे. त्याच जिल्ह्यातल्या खंडरा गावचा, शेतकरी घरातला नीरज चोप्रा पानिपतच्या शिवाजी स्टेडियमवर भालाफेक शिकू लागला आणि २०२१ साली त्याने टोकियोत सुवर्णपदक मिळवले. अशी उदाहरणे पाहून अनेक पालक मनाशी हिशेब मांडतात: मुलगी चांगली धावते, ज्युनिअर कॉलेजचा खर्च खेळातूनच निघेल.

हा हिशेब जपून मांडावा. अमेरिकेतल्या काही ज्युनिअर कॉलेजांत खेळाडूची फी, राहणे, जेवण असे सगळे कॉलेजच देते. पण ती बारावीनंतरची दोन वर्षांची कॉलेजे. आपल्याकडे अकरावी-बारावीचे कॉलेज सहसा फार तर फी माफ करते, तेही संस्थेच्या मर्जीवर. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, त्यांचा मोठा उपयोग होतो, पण गुणांनी बुटांचे बिल भागत नाही.

खरा पैसा केंद्राच्या ‘खेलो इंडिया’ योजनेत आहे. निवड झालेल्या खेळाडूमागे वर्षाला ६ लाख २८ हजार रुपये, असा आकडा आपण ऐकतो. त्यातले सुमारे ५ लाख प्रशिक्षण, निवास, आहार, स्पर्धा यांवर खर्च होतात; ते घरी येत नाहीत. खेळाडूच्या खात्यात येतो तो किरकोळ खर्चासाठीचा भत्ता: महिन्याला १० हजार, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. तोही तिमाहीने. शिवाय कामगिरीचा आढावा होत असतो. ती घसरली तर नाव यादीतून निघू शकते. दुखापतीचे वर्ष म्हणूनच घराला जड जाते.

समजा, खुराक आणि प्रवासाला महिन्याला ८ हजार लागतात. तर पहिला भत्ता येण्याआधीच तीन महिन्यांचे २४ हजार हाताशी हवेत. उसने काढून ही सुरुवात करू नये. मूल आठवी-नववीत असतानाच बँकेत एक-दोन वर्षांचे आवर्ती खाते उघडा. महिना हजार टाकले तरी दोन वर्षांत मुद्दलच २४ हजार होते. पोस्टाचे आवर्ती खाते शंभर रुपयांपासून उघडता येते, पण त्याची मुदत पाच वर्षांची, म्हणून या कामाला ते गैरसोयीचे. भत्ता सुरू झाला की त्यातला काही भाग वेगळा ठेवा आणि तो दुखापतीच्या काळासाठीच राखा.

खाते मुलाच्या नावावर हवे, आधारला जोडलेले हवे. नावाचे स्पेलिंग शाळेच्या दाखल्यात, आधारवर आणि पासबुकात एकच आहे ना, हे अर्जाआधी तपासा. स्पर्धेची प्रमाणपत्रे प्लास्टिकच्या फाइलीत ठेवा, लॅमिनेट करू नका. वाढीव गुणांचा प्रस्ताव शाळा किंवा कॉलेजमार्फत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जातो. त्याची शेवटची तारीख क्रीडाशिक्षकांना परीक्षेच्या बऱ्याच आधी विचारून ठेवा.