खात्यांच्या भिंती आणि दारे

सरकारी कचेरीची पायरी चढणाऱ्या सामान्य माणसाच्या कानी वारंवार पडणारे एक वाक्य आहे : ‘हे आमच्या खात्याचे काम नव्हे.’ एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे धाडल्या गेलेल्या या माणसाला सारी खाती म्हणजे काम टाळण्यासाठी रचलेला व्यूह वाटू लागल्यास नवल नाही. तथापि खातीच नकोत, सर्वांनी मिळून सर्व कामे पाहावीत, हा त्यावरील उपाय नव्हे. तो प्रयोग या देशात पूर्वी होऊन गेला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गव्हर्नर जनरलचे कौन्सिल एकत्रितपणे कारभार पाही. किरकोळ कागदही सर्व सभासदांपुढे फिरत. विलंब तर होईच. शिवाय निर्णय सर्वांचा असल्यामुळे जबाबदारी कोणा एकाची नसे. १८५७ च्या उठावानंतर लॉर्ड कॅनिंगने ही पद्धत मोडली. प्रत्येक सभासदाकडे खाते सोपवण्यात आले. नित्याची प्रकरणे त्याने स्वतः निकालात काढावीत, महत्त्वाची तेवढी वर न्यावीत, असे ठरले. १८६१ च्या इंडियन कौन्सिल्स अ‍ॅक्टने या व्यवस्थेस कायद्याचे अधिष्ठान दिले. आजच्या मंत्रिमंडळांतील खातेवाटपाचे मूळ येथे सापडते.

कामाचा उरक हा विभागणीचा एक लाभ झाला. याहून मोठा लाभ सत्तेवरील अंकुशाचा आहे. ब्रिटिश अमदानीत महसूल वसूल करणारा, पोलिसांवर देखरेख ठेवणारा आणि फौजदारी खटल्यांचा निवाडा करणारा अधिकारी बहुधा एकच असे. अशा अधिकाऱ्याविरुद्ध रयतेने दाद मागावी कोठे? म्हणूनच राज्यघटनेच्या ५० व्या अनुच्छेदाने न्यायसंस्था कार्यकारी सत्तेपासून विभक्त करण्याचे मार्गदर्शक तत्त्व घालून दिले. मुंबई राज्याने १९५१ मध्ये यासाठी कायदा केला. १ एप्रिल १९७४ पासून अमलात आलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ही विभागणी देशात व्यापक प्रमाणावर घडवून आणली. हिशेबाच्या क्षेत्रातही हेच तत्त्व दिसते. १९७६ मध्ये केंद्र सरकारचे हिशेब ठेवण्याचे काम लेखापरीक्षकांकडून काढून मंत्रालयांकडे देण्यात आले. हिशेब लिहिणारा आणि तो तपासणारा वेगळा असावा, हे कोणताही कारकून मान्य करील.

तात्पर्य, खात्याची सीमा ही जबाबदारीची सीमा होय. दोष आहे तो त्या सीमेचा ढालीसारखा उपयोग करण्यात. एखादे प्रकरण एकाहून अधिक खात्यांशी निगडित असल्यास सर्वांची सहमती घ्यावी, ती न झाल्यास मंत्रिमंडळाने निर्णय द्यावा, अशी तरतूद केंद्राच्या १९६१ च्या कार्यनियमांत आहे. मतभेद मिटवण्याचा भार त्यात शासनावरच टाकला आहे. प्रत्यक्षात मात्र तो भार अर्जदाराच्या खांद्यावर येऊन पडतो. निवृत्तिवेतनाची वाट पाहणाऱ्या शिक्षकाने आपला कागद कोणत्या कार्यालयात अडला आहे याचा शोध स्वतःच घ्यावा, अशी जणू अपेक्षा असते.

ही अपेक्षा अटळ नाही, हे कायद्यानेच दाखवून दिले आहे. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्यानुसार, चुकीच्या कार्यालयाकडे आलेला अर्ज त्या कार्यालयाने पाच दिवसांच्या आत योग्य प्राधिकरणाकडे पाठवावयाचा असतो आणि अर्जदाराला तसे कळवावयाचे असते. ‘आमचे खाते नव्हे’ म्हणून अर्ज परत करण्याची मुभा तेथे नाही. माहितीच्या अर्जाला जो न्याय लागू होतो तो निवृत्तिवेतनाच्या, शिष्यवृत्तीच्या वा सात-बाराच्या अर्जाला का लागू होऊ नये?

खाती राहावीत, त्यांच्यातील भिंतीही राहाव्यात; कारण त्या भिंतींमुळेच कोण उत्तरदायी आहे हे ठरते. परंतु कोणत्या दारातून आत जावे हे शोधण्याची सक्ती नागरिकावर नसावी. कागद योग्य टेबलावर पोहोचवणे हे, तो ज्याच्या हाती प्रथम पडला त्याचे कर्तव्य होय.