पिला हाउसचा तीनचा खेळ

पावणेतीनच्या सुमाराला डोअरकीपर टॉर्च घेऊन स्टॉलमध्ये शिरतो आणि माणसं उठवायला लागतो. बाराचा खेळ संपलेला असतो, दिवे लागलेले असतात, पण बऱ्याच जणांना त्याचा पत्ता नसतो. कुणी चपला उशाशी घेऊन तीन खुर्च्यांवर आडवं झालेलं, कुणी गमछा तोंडावर ओढलेला. मराठी माणूस दिसला तर "चला मामा, सुटला खेळ", नाहीतर "चलो चाचा". खेकसणं नाही, हिसकणं नाही. उठलेल्यांपैकी काही जण चूळ भरून थेट बुकिंगच्या खिडकीशी जातात आणि तीनच्या खेळाचं तिकीट काढतात.

जुनी थिएटरं ओस पडली, म्हणून बंद होतायत, असं सगळीकडे ऐकू येतं. इथे थिएटर मोडकळीला आलंय हे खरं. बाल्कनी दोरी बांधून बंद केलीय, छताचा गिलावा जागोजागी सुटलाय, खुर्च्यांचा रेक्झिन फाटून आतला काथ्या बाहेर आलाय. पण स्टॉल ओस नाही. हातगाडी ओढणारे, गोदामातले हमाल, रात्रपाळी करून आलेले वॉचमन, आठ-दहा जणांत एक खोली घेऊन राहणारे आणि दिवसा त्या खोलीत झोपायचा नंबर न लागलेले लोक इथे येतात. पंख्याखाली तीन तास बसू देणारी, कुणी हटकत नाही अशी दुसरी जागा त्यांना या शहरात सापडत नाही.

ग्रँट रोड स्टेशनजवळचा हा रस्ता कागदोपत्री पठ्ठे बापूराव मार्ग. लोक अजून फॉकलंड रोड म्हणतात, आणि थिएटरांच्या पट्ट्याला पिला हाउस. एकोणिसाव्या शतकात इथे नाटकगृहं उभी राहिली, पारशी नाटक मंडळ्यांचे खेळ झाले, पुढे तमाशाच्या बाऱ्या रंगल्या आणि मग त्याच इमारतींत पडदे टांगले गेले. आल्फ्रेड हे आधी रिपन थिएटर होतं. आल्फ्रेड, गुलशन, निशात, रॉयल, न्यू रोशन ही नावं गिरणगावातल्या दोन-तीन पिढ्यांना तोंडपाठ होती. हे थिएटर त्याच पट्ट्यातलं. नाव छापायचं नाही, अशी मालकांची अट आहे.

वर प्रोजेक्टरच्या केबिनचं दार उघडलं की पहिल्यांदा नाकात शिरतो तो व्हिनेगरचा वास. स्वयंपाकघर तर जवळपास कुठे नाही. वास येतो तो कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यांतून. त्यांत जुन्या जाहिरातींची आणि ट्रेलरची रिळं पडून आहेत. ॲसिटेटची फिल्म दमट उष्ण हवेत विघटित होऊ लागली की तिच्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, फिल्म आकसते, वळते, शेवटी हाताळता येत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात यासाठीच थंड, कोरडी कोठारं लागतात. मुंबईच्या पावसाळ्यात पत्र्याच्या डब्याचा काय पाड! ऑपरेटरकाकांना हा वास आता येत नाही. खाली गेल्यावर मात्र बायको शर्ट हुंगून सांगते, की आज डबे उघडले होते.

ते डबे उघडतात कशाला? कारण विचारलं तर ते उत्तर देत नाहीत, रीळ काढून रिवाइंडरवर चढवतात आणि हँडल फिरवून दाखवतात. डाव्या हाताची दोन बोटं फिल्मच्या कडांवर. कुठे पर्फोरेशन फाटलंय, कुठे जुना जोड आहे, हे डोळ्यांआधी बोटांना कळतं. ते कौशल्य अजून जसंच्या तसं आहे, फक्त त्याला आता गिऱ्हाईक नाही.

केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर शेजारी शेजारी उभे आहेत. एका फुटात सोळा फ्रेम, सेकंदाला चोवीस, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट फिल्म. तीन तासांचा सिनेमा सोळा हजार फुटांच्या वर जातो. दोन हजार फुटांचं रीळ वीस-बावीस मिनिटांत संपतं. ते संपत आलं, की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बारीक ठिपका चमकतो. त्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, सुमारे सात सेकंदांनी दुसरा ठिपका आला की चेंजओव्हर. खालच्या माणसाला काही कळता कामा नये. कळलं तर शिट्ट्या, शिव्या, खुर्च्यांचा धडधडाट. त्यातच दिव्याचं काम. दोन कार्बनच्या कांड्यांमध्ये विजेचा झोत पेटलेला असायचा, कांड्या जळत आखूड व्हायच्या, म्हणून त्यांच्यातलं अंतर सतत सांभाळायचं. धूर जायला वर धुरांडं. मे महिन्यात काका बनियनवर काम करायचे. "पिक्चर शंभर वेळा चालवला, पण पाहिला एकदाही नाही," ते म्हणतात. "आम्ही ठिपके बघायचो."

2005 नंतर उपग्रहावरून येणारा डिजिटल सिनेमा महाराष्ट्रातल्या एकपडदा थिएटरांत झपाट्याने पसरला. पुढच्या दहाएक वर्षांत प्रिंट यायच्या थांबल्या. आता काका सर्व्हर सुरू करतात, यादीतून पिक्चर निवडतात, आवाज बघतात. धर्मेंद्र, मिथुन, अमिताभ यांचे जुने पिक्चर, अधूनमधून भोजपुरी.

खाली मॅनेजरच्या टेबलावर डीसीआरचा गठ्ठा आहे. रोजच्या गल्ल्याचा हिशेब त्यावर लिहायचा. छापील फॉर्मवर करमणूक कराचा रकाना अजून आहे. मॅनेजर त्यावर रेघ मारून जीएसटी लिहितात. बोलताना ते पुन्हा पुन्हा एकाच आकड्यावर येतात: पंचेचाळीस टक्के. मुंबईत तिकिटावर करमणूक कर पंचेचाळीस टक्के होता. 2001 मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना सवलत दिली: पहिली तीन वर्षं कर पूर्ण माफ, पुढची दोन वर्षं फक्त पाव कर. "त्यांना एसी, सरकते जिने, आणि कर माफ. आम्हाला गळकं छप्पर आणि पंचेचाळीस टक्के." त्या वर्षांत छप्पर का दुरुस्त झालं नाही, याचं उत्तर त्यांच्या मते या आकड्यात आहे. पूर्ण उत्तर कदाचित नसेलही, कारण मालकांचं लक्ष खुर्च्यांपेक्षा खालच्या जमिनीवर असल्याचं या धंद्यातलेच लोक सांगतात. पण एकाच शहरात, एकाच धंद्यात, गरिबाच्या तिकिटावर पूर्ण कर आणि श्रीमंताच्या तिकिटावर शून्य, हा अन्याय होता आणि तो सरकारी आदेशाने झाला.

कर 2017 च्या जुलैत गेला, जीएसटी आला. 2020 च्या मार्चमध्ये थिएटरं बंद झाली, नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर उघडली, 2021 च्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद, ती थेट 22 ऑक्टोबरला उघडली. सप्टेंबर 2025 पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाचवर आला. चांगलंच झालं, पण तोवर दादरचं चित्रा 2019 मध्ये बंद पडलं होतं. ‘शोले’ पाच वर्षं चालवणारं मिनर्व्हा पाडलं गेलं होतं. 14 मार्च 1931 ला ‘आलम आरा’ जिथे लागला, त्या गिरगावच्या मॅजेस्टिकच्या जागी तर केव्हाच बाजाराची इमारत झाली. त्या पहिल्या बोलपटाची एकही प्रिंट आज उपलब्ध नाही.

वाचलेलं एक उदाहरण लोक हटकून देतात. इथून चालत जाण्याच्या अंतरावरचं रॉयल ऑपेरा हाउस 1993 मध्ये बंद पडलं आणि 2016 मध्ये डागडुजी होऊन दिमाखात उघडलं. काम अप्रतिम झालंय, यात शंका नाही. पण ते गोंडलच्या राजघराण्याच्या मालकीचं, सोनेरी नक्षीचं. इथल्या लोखंडी खांबांना वारसा म्हणायला कोण येणार? आणि उद्या कुणी आलंच, तर गमछावाल्या माणसाला आत सोडतील का?

थिएटर पाडून नवी इमारत बांधायची, तर तिच्यात थिएटर ठेवलंच पाहिजे, असा नियम आहे. मालकांना तो जाचक वाटतो आणि तो काढून टाका, अशी त्यांची जुनी मागणी आहे. नियम राहिला तरी नव्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर गारेगार, छोटं थिएटर होईल आणि त्याचं तिकीट हमालाच्या दिवसाच्या कमाईचा मोठा तुकडा तोडेल. खुर्च्या किती ठेवायच्या हे नियमात बसतं, तिकीट किती असावं हे बसत नाही. खरी दुरुस्ती तिथे व्हायला हवी. शंभर रुपयांच्या आतलं तिकीट ठेवणाऱ्या थिएटरला वीजबिलात आणि परवान्याच्या शुल्कात सवलत देणं सरकारला अवघड नाही.

मॅनेजरना हे पटतं, पण त्यांचा हिशेब साधा आहे. "मल्टिप्लेक्सला पाच वर्षं दिली होती ना? आम्हालाही पाच वर्षं द्या. छप्पर मी करून घेतो." एवढं बोलून ते तीनच्या खेळाचा आकडा लिहायला घेतात. बाल्कनी: शून्य. स्टॉल: त्र्याहत्तर.