वॉर्डन रोडवरचे गायतोंडे

वासुदेव गायतोंडे यांचा विषय निघाला की बोलणं हमखास लिलावाच्या आकड्यांवर येतं. २०१३ साली मुंबईत त्यांचं एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं आणि ज्यांनी त्यांचं नावही ऐकलं नव्हतं, त्यांच्याही तोंडी ते आलं. या सगळ्यात एक जागा मात्र विस्मरणात गेली. पन्नास-साठच्या दशकांतला त्यांचा स्टुडिओ जिथे होता ती जागा: वॉर्डन रोडवरची, समुद्राला लागून असलेली भुलाभाई मेमोरिअल इन्स्टिट्यूट. गायतोंडे यांची चित्रं समजून घ्यायची तर आधी तिथे जायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

गायतोंडे मूळचे गोव्याकडचे, जन्म नागपूरचा (१९२४), वाढले गिरगावातल्या चाळीत. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९४८ साली डिप्लोमा घेतला आणि दोनच वर्षांत ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप या चित्रकारांच्या गटात आले. तेव्हाच्या त्यांच्या चित्रांत माणसं होती, पक्षी होते, पॉल क्ले या चित्रकाराची छाया होती. चाळीतल्या खोलीत माणूस रेखाटनं करू शकतो, छोटे कागद रंगवू शकतो. पण मोठा कॅनव्हास भिंतीला लावून चार पावलं मागे सरायचं म्हटलं, तर पाठ पलीकडच्या भिंतीला टेकते.

ती चार पावलं भुलाभाईत मिळाली. वकील आणि काँग्रेस नेते भुलाभाई देसाई यांचा हा बंगला त्यांच्या पश्चात कलावंतांसाठी खुला झाला होता. नाममात्र भाड्यात खोली मिळे. इब्राहिम अल्काझींचं नाट्यशिक्षण इथे चाले, रविशंकर यांची संगीतशाळा इथे भरे. हुसेन इथे काम करत. पुढे जिच्या रेषेने सगळ्यांना थक्क केलं ती नसरीन मोहम्मदीही इथेच होती आणि गायतोंडे यांचा तिच्यावर खोल ठसा उमटला. एका खोलीत सतारीची तालीम, दुसरीत नाटकाची, आणि या गजबजाटात एक मितभाषी माणूस दार लावून बसलेला.

बसलेला, हाच शब्द योग्य. गायतोंडे तासन्‌तास समुद्राकडे पाहत बसत, असं त्यांना ओळखणारे सांगत. ब्रीच कँडीचा तो किनारा पुळणीचा नाही, खडकांचा आहे. ओहोटीला काळे कातळ उघडे पडतात, भरतीला दिसेनासे होतात. पावसाळ्यात तर क्षितिजच राहत नाही. आभाळ कुठे संपलं आणि पाणी कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. गायतोंडे यांनी हे दृश्य समोर बसून चितारलं नाही. पण १९५९ च्या सुमारास त्यांच्या कॅनव्हासवरून आकृती नाहीशी झाली आणि उरलेल्या रंगात एखाद-दुसरा आडवा पट्टा, त्याच्या वर-खाली काही अस्फुट खुणा दिसू लागल्या. स्वतःच्या कामाला अमूर्त म्हटलेलं त्यांना आवडत नसे. मी त्याला समुद्रचित्र म्हणणार नाही. पण समुद्राशेजारी इतकी वर्षं बसल्याशिवाय ती चित्रं झाली नसती.

सामान साधंच होतं: तेलरंग, रोलर, पॅलेट नाइफ. ब्रशपेक्षा याच दोन हत्यारांवर त्यांची भिस्त. रोलरने रंगाचा पातळ थर द्यायचा, तो सुरीने खरवडायचा, त्यावर दुसरा थर. पुढच्या काळात फाडलेल्या कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे, म्हणजे त्यांचा ठसा मागे राहतो. तेलरंग पाण्यासारखा उडून जात नाही. त्यातलं तेल हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होतं, आणि दमट हवेत याला अधिकच वेळ लागतो. थर किती ओला असताना त्याला हात लावायचा, यावर सगळं अवलंबून. म्हणून वाट पाहणं हाच त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. वर्षाकाठी पाच-सहा चित्रं, फार नाहीत.

अमेरिकन चित्रकार मॉरिस ग्रेव्ह्ज १९६३ साली मुंबईत आला, तेव्हा त्याने हे काम पाहिलं आणि न्यूयॉर्कच्या आपल्या गॅलरीला त्याबद्दल भरभरून लिहिलं. पुढच्याच वर्षी रॉकफेलर फेलोशिपवर गायतोंडे न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांना अमेरिकन अमूर्त चित्रकार मार्क रोथकोची चित्रं प्रत्यक्ष पाहायला मिळाली; पण त्यांची वाट मुंबईतच ठरलेली होती. रोथकोमुळे गायतोंडे घडले, असं जे सर्रास लिहिलं जातं, ते तारखा पाहिल्या तरी टिकत नाही.

१९७२ साली ते दिल्लीला गेले. निजामुद्दीनमधली बरसाती म्हणजे गच्चीवरची खोली, १९८४ चा अपघात, त्यानंतर काही वर्षं मोठे कॅनव्हास बंद, २००१ साली मृत्यू, २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये सिंहावलोकनी प्रदर्शन: हे पुष्कळांनी लिहिलं आहे. भुलाभाईचा बंगला मात्र पाडला गेला आणि त्या जागी टोलेजंग इमारत उभी राहिली.

एका चित्रकाराला भाड्याची धास्ती न बाळगता वर्षाला पाच-सहा चित्रं करता आली, ती त्या बंगल्यामुळे. मुंबईच्या किनाऱ्यालगत सरकारी आणि पालिकेच्या मालकीच्या जुन्या वास्तू आजही आहेत. त्यांतली एक तरी तरुण चित्रकारांना नाममात्र भाड्याने द्यावी, आणि तिथे वर्षाला किती चित्रं झाली याचा हिशेब कुणी मागू नये.