रायफलीच्या दस्त्याचें लांकूड

रायफलीचा दस्ता मुद्दाम घडवून घेणारा मनुष्य प्रथम लांकडाच्या रंगावर भुलतो. परंतु बार उडतांच मागें येणारा धक्का सोसावा लागतो तो रेषांना. दस्ता सर्वांत बारीक असतो तो मुठीपाशीं. तेथें रेषा आडव्या गेल्या, कीं लांकूड तडकलेंच! नक्षी हवीच तर ती मागील रुंद भागांत असावी.

अक्रोडाचा मान टिकला तो उगीच नव्हे. तें घनफुटास सुमारें ४० पौंड भरतें, चिवट असतें आणि मुरल्यावर फारसें हलत नाहीं. उलट, मध्य अमेरिकेंतील कोकोबोलो, म्हणजे आपल्या शिसवीचेंच भावंड, ६० पौंडांहूनहि जड. त्याच्या अंगच्या तेलामुळें वर लावलेलें जवसाचें तेल वाळत नाहीं, आणि भुशानें कारागिराची त्वचा सुजते. शिवाय २०१७ पासून या सबंध कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार परवान्याच्या नियमांखालीं आला आहे.

दुसऱ्या महायुद्धांत ऑस्ट्रेलियांतील लिथगोच्या कारखान्यानें देशी कोचवुड वापरलें, व तें निभावलें.

लांकूड कोणतेंहि असो, त्यांत ओल १२ टक्क्यांच्या आसपास असावी. कच्चें लांकूड पुढें वांकतें, नळीवर दाब देतें, गोळी भलतीकडेच जाते. आणि नेमबाज मात्र आपल्या डोळ्यांस दोष देत बसतो.