मेनू स्वच्छ, मग पट्ट्या कुठून?

पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करताना ग्रबचा मेनू ठळक दिसतो आणि पुढच्याच क्षणी स्क्रीनवर रंगीत पट्ट्यांचा धिंगाणा सुरू होतो. संशय जातो ग्राफिक्स कार्डावर. पण स्वच्छ मेनू ही कार्डाच्या बाजूची साक्ष आहे. तोवरचं चित्र फर्मवेअरने ठरवलेल्या साध्या मोडमध्ये उमटतं; त्यानंतर कर्नलमधला ड्रायव्हर सूत्रं हाती घेतो (इंटेलच्या चिपसाठी ही सोय २००९ सालच्या २.६.२९ आवृत्तीत आली) आणि गडबड बहुधा या खांदेपालटात होते. म्हणून मेनूवर ‘ई’ दाबावं, ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द रोमन लिपीत, लहान अक्षरांत, सलग टंकावा आणि एफ१० दाबावं. बदल तेवढ्या एका बूटपुरताच टिकतो, त्यामुळे हात आखडायचं कारण नाही.

मग हा शब्द कायमचाच का ठेवू नये? कारण त्याने ड्रायव्हर बाजूला बसतो. रेझोल्यूशन अडकतं, व्हिडिओचा भार प्रोसेसरवर पडतो. इन्स्टॉल झाल्यावर योग्य ड्रायव्हर घालून तो शब्द काढावाच. आणि मेनूच फाटका दिसत असेल, तर मात्र आधी केबल तपासावी, मग मॉनिटर, मग कार्ड.