लेकीची सीट
माझी लेक ड्रॅग रेसमध्ये मोटारसायकल पळवते. सरळ ४०२ मीटर, बस्स! पण सुटताना असा हिसका बसतो की माणूस मागेच सरकतो. म्हणून सीटला मागे उंच टेकू लागतो. तिची सीट मीच करते, ब्लाउजसारखी मापं घेऊन. पीओपीचा साचा कडकडीत वाळवायचा, मेण चोळायचं, मग फायबरची मॅट अन् रेझिन. थर्माकोल नको गं, रेझिननं विरघळतो! हार्डनर १०० ग्रॅमला १-२ ग्रॅम; जास्त झालं की डब्यातच तापून दगड. मास्क, हातमोजे हवेतच, खिडक्या सताड उघड्या. टेकूला मी एक थर जास्त देते. वजन वाढतं म्हणून लेक कुरकुरते. कुरकुरू दे. टेकू मोडला तर मागच्या मागे पडणारी माझीच पोर आहे.